टाकी उघडायची होती

सोपान,

तुझ्या मातीला आलेल्या माणसांना स्मशानातून परतल्यावर हातपाय धुवायला पाणी मिळालं नाही. गच्चीवरची तुझी टाकी भरलेली होती आणि तिच्या व्हॉल्व्हची किल्ली माझ्या खिशात होती. हे आधी सांगून टाकतो. बाकीचं सांगत बसलो तर मी हळूहळू स्वतःला बरा माणूस करून घेईन, आणि माझी ती खोड तुला चांगली माहीत आहे.

कॉलेजवाले म्हणतात, अंकासाठी तुझ्यावर चार पानं लिहून दे. तुझं शिक्षण, तुझे शोधनिबंध, तुझे विद्यार्थी कुठंकुठं पोचले, हे सगळं त्यांना हवंय. ते दुसरं कोणीतरी लिहील, माझ्याहून नीटनेटकं लिहील. मला दहाव्याच्या आधी पाचोडला जाऊन गोदामावशीसमोर उभं राहायचंय. तुझ्या आईला काय सांगायचं, कोणत्या तोंडानं सांगायचं, ते सुचत नाहीये. इतकी वर्षं काही अडलं की मी तुझ्याकडं यायचो. तीच सवय अजून गेलेली नाही.

छावणीतली आपली खोली आठवते? दोघंही इंजिनिअरिंग कॉलेजात नवे लेक्चरर, पगार तोकडा, एक स्टोव्ह आणि एक खाट. खाटेवर मी झोपायचो, कारण तू म्हणालास, तुला खालीच झोप लागते. मी ते खरं मानलं. पुढं तुझ्या लग्नानंतर लता वहिनी हसत म्हणाल्या, ह्यांना तर गादीशिवाय झोप येत नाही. तेव्हा मीही हसलो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दफ्तर सांभाळणारी माणसं, म्हणून तू मला कारकून म्हणायचास. तुझ्या खिशात कायम पाना नाही तर पक्कड असायची, म्हणून मी तुला मिस्त्री म्हणायचो. मी कागदावर भूकंप आणायचो आणि तू प्रयोगशाळेत तो टेबल हलवून आणायचास. पोरं म्हणायची, मुकुंद सरांच्या भूकंपात कोणी मरत नाही आणि सोपान सरांच्या भूकंपात कपाटावरचे ग्लास फुटतात.

गारखेड्यात आपण फ्लॅट घेतले तेव्हा मागच्या बाजूला ज्वारी होती. तू गॅलरीत उभा राहून तिच्याकडं बघत चहा प्यायचास. मग ज्वारी गेली, इमारती आल्या, आणि इमारतींच्या मागोमाग टँकर आले. शहर वाढत गेलं तसे नळाचे दिवस लांबत गेले. आणि नेमक्या त्याच दिवसांत तुला आपल्या गच्चीवर एक आडवी, उथळ, गच्चीभर पसरलेली पाण्याची टाकी बांधायची होती, जिच्यातलं पाणी कोणी वापरायचं नाही.

सोसायटीच्या सभेत तू हे सांगितलंस तेव्हा लोक तुझ्याकडं असे बघायला लागले की मलाच कसंतरी झालं. मग तू सगळ्यांना पार्किंगमध्ये नेलंस. आपल्या मोटरसायकलवर तळमजल्याच्या जोशीकाकांना बसवलंस. वजनदार माणूस, गाडी मागं दबली. तू म्हणालास, "बघा, आता ह्यो शॉकअप कडक करावा लागतो. काका उतरले की परत ढिला. रस्ता बदलला, वजन बदललं, की शॉकअप बदलायचा. बिल्डिंगीला बी शॉकअप लागतो. आपला पाण्याचा राहील."

पुस्तकातला शब्द अवमंदन. तो तू वर्गातसुद्धा नाइलाजानं वापरायचास. तू म्हणायचास, धक्का जिरवणं. भूकंपात इमारत तिच्या तिच्या तालात डुलते. वरच्या टाकीतलं पाणी त्याच तालात पण उलट बाजूला झेपावलं, तर इमारतीचा जोर ते स्वतःवर घेतं आणि टाकीच्या भिंतीवर, आतल्या झडपांवर, म्हणजे पाण्यात उभ्या केलेल्या पत्र्यांवर, आपटून जिरवून टाकतं. भरलेली बादली घेऊन चालणाऱ्या कोणालाही पाणी कसं हिसका देतं ते ठाऊक असतं. फक्त तो हिसका वेळेवर आणि बरोबर बाजूला बसायला हवा. ताल ठरतो पाण्याच्या उंचीवर. म्हणून टाकीत तू आतून लाल रंगाची रेघ मारलीस. पाणी तिथंच पाहिजे.

खांबांवर येणाऱ्या जादा वजनाचं गणित मी केलं. परवानगीसाठी सोसायटीनं अट घातली की किल्ली अध्यक्षाकडं राहील, आणि अध्यक्ष मी. पैठणच्या धरणावरून लोकांनी टाकीचं नाव छोटा नाथसागर ठेवलं. नळाला पाणी आलं की आधी जुनं पाणी झाडांना सोडायचं, मग रेघेपर्यंत नवं भरायचं. हे भरताना खालच्या बायका कशा नजरेनं बघायच्या ते तुला माहीत नाही, कारण तू वर असायचास आणि मी खाली. त्यांची बोलणी मी खाल्ली. खरं सांगायचं तर मला ती खायला आवडायची. तुझं काम सगळ्यांपासून वाचवणारा माणूस म्हणून मी स्वतःला फार मोठा वाटत होतो.

मग तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तो. पाचोडात विहिरी तळाला गेल्या, मेंढरं कोणी पाहुण्यांच्या गावी हलवली तर कोणी विकली, आणि तू मावशीला इकडं घेऊन आलास. मावशी गुडघ्यावर हात ठेवत ठेवत जिने चढून एकदा गच्चीवर गेली, वाळवणासाठी. तिथं तुझी टाकी तिच्या नजरेला पडली. झाकण उघडं होतं, तू आत काहीतरी करत होतास. मीही तिथंच होतो.

"ह्ये पानी कशाचं?" तिनं विचारलं.

तू सांगायला लागलास. भूकंप, ताल, झडपा, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी भूकंप येईस्तोवर कोंडून ठिवायचं?"

तू बाहेर येऊन झाकण लावलंस. तिनंही पुन्हा विषय काढला नाही. धरण आपल्या पैठण तालुक्यात, त्याचं पाणी नळातून इथवर येतं आणि इथं गच्चीवर जाऊन बसतं, हे तिला दिसलं आणि तिनं ते गिळलं. पण तू त्या दिवशी जेवला नाहीस. संध्याकाळी माझ्याकडं आलास आणि म्हणालास, "मुकुंदा, किल्ली दे. लोकांना दोन दोन बादल्या सोडू."

आपलं तेव्हाचं भांडण अजून मिटलेलं नाही, सोपान. मी म्हणालो, तूच रेघ मारलीस, पातळी हलली की टाकी निकामी हे तूच सांगितलंस. उद्याच धक्का बसला तर? भावनेवर इंजिनिअरिंग चालत नाही.

तू सोफ्याच्या कडेवरून उठून दारापर्यंत गेलास. मग म्हणालास, "मग भावना बी गणितात धरू की."

मला ते बोलणं म्हणजे तुझी नेहमीची थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. त्यानंतर तू आणि लता वहिनी सुट्टीच्या दिवशी गच्चीवर दिसायला लागलात. वहिनी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात, त्यामुळं तारा, डबे, सोल्डरिंगचा वास हे सगळं तुमच्या घरात असायचंच. मी विचारलं नाही. तू मात्र भेटशील तेव्हा म्हणायचास, "एकदा वर ये, दाखवायचंय." मी म्हणायचो, येतो. गुडघे दुखतात, जिना उभा आहे, पेपर तपासायचेत. कितीदा म्हणालो असेन. मनात अढी होती हेच खरं. भांडणात मी बरोबर होतो आणि तू ते कबूल केलं नव्हतंस. वर गेलो असतो तर कदाचित मलाच काहीतरी कबूल करावं लागलं असतं.

आता त्या दिवसाचं. कॉलेजातून आलास, चहा टाक म्हणालास आणि चहा यायच्या आत गेलास. सगळे म्हणतात, पुण्यवान मरण. ज्यांना तुझ्याशी भांडायचं बाकी होतं त्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी पाचोडहून दोन जीप भरून माणसं आली, मावशीही. वैशाखातलं ऊन, नळ येऊन आठवडा होत आला होता, खालची टाकी खडखडीत. टँकरवाला फोन उचलेना. स्मशानातून आपण, म्हणजे मी आणि ती सगळी माणसं, परत आलो तेव्हा दारात बादली ठेवायची पद्धत, ती बादली अर्धी होती. चारपाच जणांत संपली. सोसायटीतली दोघंतिघं माझ्याकडं आली. जोशीकाका हळूच म्हणाले, "मुकुंदराव, आज तरी वरची टाकी उघडा. पाहुणे लांबून आलेत."

मी काय केलं माहीत आहे? मी रडलो. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. आणि म्हणालो, "ही सोपानची शिस्त आहे. आयुष्यभर त्यानं ते पाणी राखलं. निदान आजच्या दिवशी ती मोडू नका."

कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. कोपऱ्यावरच्या दुकानातून प्यायच्या पाण्याचे जार आणले, त्यातलं पेलापेला हातावर घेऊन माणसांनी डोळ्यांना लावलं. मावशी बायकांमध्ये बसली होती. तिनं पदराच्या कोपऱ्यानं तोंड पुसलं आणि पदर तसाच धरून राहिली. मी ते पाहिलं. मला त्या वेळी त्यात काहीतरी थोर वाटलं, सोपान. वाटलं, बघ, तुझ्या शब्दासाठी तुझी माणसं किती सोसतायत. हे लिहिताना माझे कान तापलेत.

त्या सगळ्या वेळात लता वहिनी आतल्या खोलीत होत्या. त्यांच्यापर्यंत पाण्याची गोष्ट कोणी पोचू दिली नाही. तिसऱ्या दिवशी, सावडणं झाल्यावर, त्यांनी मला बोलावलं. डोळे कोरडे होते.

"भावजी, काल लोकांना पाणी नव्हतं म्हणे?"

मी म्हणालो, हो वहिनी, पण सोपानची टाकी आम्ही हलू दिली नाही.

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना माझी कीव आली, ते मला दिसलं. म्हणाल्या, "त्या भांडणानंतर तुम्ही वर गेलाच नाहीत ना कधी? चला."

मग गेलो. गुडघे दुखले, जिनाही उभा होता, पण चढलो. वहिनींनी झाकण उघडलं. लाल रेघ आतल्या भिंतीवर तशीच होती, फिकी झालेली. पण टाकीत आता नुसत्या ठोकलेल्या झडपा नव्हत्या. रुळांवर सरकणाऱ्या होत्या, प्रत्येकीला छोटी मोटर, बाजूला पातळी मोजणारा फ्लोट. वहिनींनी व्हॉल्व्हची किल्ली माझ्याकडून मागून घेतली आणि थोडं पाणी खाली सोडलं. पातळी उतरायला लागली तशा झडपा एकमेकींकडं सरकायला लागल्या. सावकाश, आवाज न करता.

वहिनी सांगत होत्या आणि मी, चाळीस वर्षं हेच शिकवणारा माणूस, एखाद्या पहिल्या वर्षाच्या पोरासारखा माना डोलावत होतो. पाणी कमी झालं की त्याचा ताल संथ होतो. मग झडपा आत सरकून पाण्याला खेळायची जागा आखूड करायची, की ताल परत इमारतीशी जुळतो. पाणी निम्म्यावर येईपर्यंत हे चालतं. जोर थोडा कमी पडतो, पण टाकी निकामी होत नाही. आणि प्रत्यक्ष धक्का बसला तर गच्चीवरचा सेन्सर बघून त्याच झडपा क्षणोक्षणी आपले कोन बदलतात, कधी पाण्याला जास्त अडवतात, कधी वाट देतात. मी म्हणालो होतो पातळी हलवता येणार नाही. तू पातळी हलेल हे धरून अख्खी टाकी पुन्हा मांडलीस.

"ह्यांचं म्हणणं होतं, निम्मं पाणी माणसांचं आणि निम्मं बिल्डिंगचं," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला दाखवायचं आणि मग सभेत सांगायचं, असं ठरलं होतं. तुम्ही वर आलात की लगेच."

मी टाकीच्या कठड्याला धरून बसलो. म्हणजे इतके दिवस हे पाणी लोकांना मिळालं नाही, ते माझी वाट बघत. तुझ्या मातीला आलेल्या माणसांना मिळालं नाही, तेही मी न चढल्यामुळं. तू माझ्यावाचून पुढं जाऊ शकला असतास. तुझी टाकी, तुझं गणित, सभेत तुला कोणी अडवलं नसतं. पण मला खोटं पाडून तुला ते उघडायचं नव्हतं. मी येऊन बघावं, मान हलवावी, आणि मग दोघांनी मिळून सांगावं, एवढ्यासाठी तू थांबलास. खाटेवर मला झोपवून तू खाली झोपलास तसाच.

मला तुझा राग येतोय, हेही लिहून ठेवतो. एकदा गचांडी धरून वर न्यायचं होतंस. एकदा ओरडायचं होतंस. आयुष्यभर समोरच्याला ओशाळं न करण्याची ही कसली खोड. पण राग फार वेळ टिकत नाही. तुझ्याइतका सांभाळून घेणारा माणूस मला पुन्हा भेटणार नाही, आणि आता या वयात मी त्याच्याशिवाय कसा राहणार, हाच प्रश्न परत परत येतो.

इथवर लिहून परवा थांबलो होतो. पुढचं आज लिहितोय, पाचोडहून आल्यावर.

सकाळच्या एसटीनं गेलो. आठवडी बाजाराचा दिवस होता, उतरल्यावर गर्दीतून वाट काढत तुझ्या घरापर्यंत गेलो. वाटेत दोनतीन ओळखीच्या माणसांनी रामराम केला, त्यातले दोघं त्या दिवशी आले होते. एकाच्या हातावर मी स्वतः जारचं पाणी घातलं होतं. त्यानं मला चहाला थांबवलं, थांबलो नाही.

मावशी ओसरीवर बसली होती. बाजूला दोन निळे ड्रम, टँकरचं पाणी. मला बघून उठायला लागली, मी खाली बसवलं. म्हणाली, "वाळून गेलास रं मुकुंदा." मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो. सरळ सांगून टाकलं. टाकीत पाणी होतं मावशी. सोपाननं ती बदलून ठेवली होती, निम्मं पाणी सोडता येत होतं. मी कधी बघितलंच नव्हतं. मला ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखा सगळ्यांना अडवून उभा राहिलो. तुझ्या लेकाच्या दारात तुला तोंड धुवायला पाणी मिळू दिलं नाही मी.

ती ऐकत होती. मध्ये एकदा तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. माझं संपल्यावर म्हणाली, "मला ठावं व्हतं."

मला वाटलं, तिला पाणी होतं एवढंच म्हणायचंय. म्हणालो, पाणी होतं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं मावशी.

"तसं नाय. उघडता येतंय ह्ये ठावं व्हतं. लई आधी फोन केला व्हता त्यानं. म्हनला, आये, तू म्हनली व्हती ना कोंडलंय, आता कोंडलेलं नाय ऱ्हायलं. निम्मं सुटतंय. लई खुशीत व्हता."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस मावशी? एक शब्द बोलली असतीस तर मी त्या क्षणी उघडलं असतं.

तिनं ड्रममधून तांब्या भरून माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "आरं, चार मानसांत तू रडत व्हता. माझ्या लेकासाठीच रडत व्हता. तुला तिथं खोटं कसं पाडू मी?"

तिनंच मग विषय बदलला, लताचं कसं चाललंय, जेवते का नीट, म्हणून विचारलं. मी उत्तरं दिली. जेवूनही आलो, कारण तिनं सोडलं नाही.

एसटीत बसल्यावर मात्र ते सगळं माझ्या अंगावर आलं. आपण दोघांनी आयुष्यभर इमारती कशा वाचवायच्या याची भांडणं केली, सोपान, आणि त्या दिवशी तुझ्या दारात पडणार होतो तो मी. माझ्या रडण्याचा मान राहावा म्हणून तुझी आई, पोटचा पोर गमावलेली, सगळं ठाऊक असताना, न धुतल्या तोंडानं जीपमध्ये बसून पाचोडला परत गेली.